यावलच्या पिन कोडातून ६१७४ पर्यंत

यावलचा पिन कोड ४२५३०१. बँकेच्या अर्जावर, पार्सलवर, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर आपण तो इतक्या वेळा लिहिलेला असतो की त्याच्याकडे संख्या म्हणून पाहायचे कधी सुचत नाही. आज त्यातले शेवटचे चार अंक, ५३०१, वहीच्या कोऱ्या पानावर लिहू या. सोबत पेन्सिल, खोडरबर आणि शाळेत शिकलेली हातच्याची वजाबाकी हवी. बाकी काहीही नको. अर्ध्या तासात आपण ६१७४ या संख्येपाशी पोहोचू, आणि मग निवांत बसून पाहू की नेमके तिथेच का पोहोचलो.

हा 'का' मला फार महत्त्वाचा वाटतो. ६१७४ ची गोष्ट बहुतेक वेळा जादूच्या खेळासारखी सांगितली जाते. ऐकणारा चकित होतो आणि गोष्ट तिथेच संपते. पण ज्या वजाबाकीने आपण चकित होतो, त्याच वजाबाकीने त्यामागचे कारणही उलगडता येते. त्याला चौथी-पाचवीच्या पलीकडचे गणित लागत नाही.

आधी ही संख्या शोधणाऱ्या माणसाविषयी. भुसावळहून मुंबईकडे निघालो की नाशिक रोडच्या पुढचे स्टेशन देवळाली. तिथल्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिक्षक होते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात आणि पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर विद्यापीठात शिकणे झाले नाही, पण संख्यांचा नाद जन्मभर सुटला नाही. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचे काम किरकोळ वाटे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचे हे मास्तर माहीत झाले. १९८६ मध्ये ते गेले.

आता वहीकडे वळू. एका शब्दाचा घोळ आधीच मिटवलेला बरा. ० ते ९ ही दहा चिन्हे म्हणजे अंक, आणि अंक शेजारी शेजारी मांडून जी तयार होते ती संख्या. ५३०१ ही संख्या आहे, तिच्यात ५, ३, ० आणि १ असे चार अंक आहेत. पुढे आपण संख्या मोडून तिचे अंक सुटे करणार आहोत, म्हणून हा फरक लक्षात असू द्या.

पहिली पायरी संख्या निवडण्याची. कोणतीही चार अंकी संख्या चालते, फक्त चारही अंक सारखे नकोत. ४४४४ घेतली तर वजाबाकी शून्य येते आणि खेळ सुरू होण्याआधीच संपतो. तीन अंक सारखे असले तरी हरकत नाही. पुढे शून्य असले तरी चालते, ००२५ सुद्धा आपण चार अंकी धरू. पिन कोडाचा कंटाळा आला तर यावल-भुसावळ रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहा. केळी भरून निघालेल्या एमएच १९ च्या ट्रकांवरून चार अंकांचा अखंड पुरवठा होतो.

दुसरी पायरी अंक लावण्याची. ५३०१ चे अंक आधी उतरत्या क्रमाने, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे लावा. ५३१० मिळते. मग चढत्या क्रमाने, लहानाकडून मोठ्याकडे लावा. ०१३५ मिळते. त्या चार अंकांपासून होणारी सर्वांत मोठी संख्या पहिली, सर्वांत लहान दुसरी. लहान संख्येत शून्य पुढे आले तर ते पुढेच ठेवायचे. 'संख्या शून्याने सुरू होत नाही' म्हणून १०३५ लिहायचे नाही.

इथे घटकाभर थांबून एक आठवण काढावीशी वाटते. चार वेगळे अंक किती प्रकारे मांडता येतात? हजाराच्या घरात चारपैकी कोणताही, शतकाच्या घरात उरलेल्या तिनांपैकी, मग दोहोंपैकी, मग शेवटचा, असे ४ × ३ × २ × १ म्हणजे २४ प्रकारे. अंक फिरवून किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती, हा विषय भास्कराचार्यांनी 'लीलावती'च्या शेवटच्या प्रकरणात घेतला आहे. त्याचे नाव अंकपाश. 'लीलावती' ज्या ग्रंथाचा भाग आहे तो 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये मठ स्थापला, त्याचा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. अंक फिरवून पाहण्याचा छंद आपल्या मातीला नवा नाही. कापरेकरांनी त्या चोवीसपैकी फक्त दोन टोके उचलली.

तिसरी पायरी वजाबाकी. ही एकदा सावकाश करू.

५३१० − ०१३५

एककाच्या घरात ० मधून ५ जात नाहीत, म्हणून दशकाकडून एक उसना घेऊ. १० मधून ५ गेले, उरले ५. दशकाच्या घरात आता ० आहे, तिथून ३ जात नाहीत, म्हणून शतकाकडून उसना घेऊ. १० मधून ३ गेले, उरले ७. शतकाच्या घरात ३ चे २ झाले, त्यातून १ गेला, उरला १. हजाराचे ५ तसेच. उत्तर ५१७५.

चौथी पायरी म्हणजे आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करणे. ५१७५ चे अंक नव्याने लावायचे, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, आणि पुन्हा, पुन्हा.

५३१० − ०१३५ = ५१७५
७५५१ − १५५७ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

सातव्या वजाबाकीला ६१७४ आली. आता आठवी करून पाहा. ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४. नववी करा, पुन्हा तेच. म्हणून तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. स्थिरांक म्हणजे कृती कितीही वेळा केली तरी जी बदलत नाही ती संख्या.

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, ती जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. आपल्या यावलची संख्या नेमकी पूर्ण सात घेणाऱ्यांतली निघाली.

आता चुका कुठे होतात ते पाहू. मुलांना हे करायला दिले की निम्म्या वह्यांत मध्येच काहीतरी बिनसते, आणि बहुतेक वेळा त्याच त्या जागी बिनसते.

सर्वांत मोठा खड्डा शून्याचा. २१११ घ्या. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. इथे आपण नकळत तीन अंकी उत्तर लिहितो. मग पुढे ९९९ वजा ९९९ होते आणि हाती शून्य येते. माझ्या वहीत कित्येक दिवस '२१११ हा अपवाद' अशी नोंद होती. तो अपवाद नव्हता. उत्तर ०९९९ असे चार घरांत लिहायला हवे होते. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, त्यावरून ८०८२, ८५३२ आणि ६१७४. चार घरे पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच राहिली पाहिजेत, रिकाम्या घरात शून्य बसवायचे.

दुसरी चूक अंक लावण्याऐवजी संख्या उलटी लिहिण्याची. ५१७५ उलटी केली तर ५७१५ होते, आणि ती तर मूळ संख्येपेक्षा मोठी. आपल्याला उलटी संख्या नको, क्रमाने लावलेली हवी. प्रत्येक ओळीत आधी अंक सुटे करून मग लावले की ही चूक होत नाही.

तिसरी चूक घाईची. चोपड्याचा पिन कोड ४२५१०७, त्यातले ५१०७ घ्या. ७५१० वजा ०१५७ म्हणजे ७३५३. मग ७५३३ वजा ३३५७ म्हणजे ४१७६. इथे अंक तेच, ६, १, ७, ४, फक्त जागा वेगळ्या. पुष्कळ जण इथे 'आपले चुकले' म्हणून सगळे खोडतात. काही चुकलेले नाही. आणखी एक वजाबाकी करा, ७६४१ वजा १४६७, आणि ६१७४ समोर येईल.

चौथी चूक हातच्याची. ती कुणाचीही होते. तिच्यासाठी एक सोपा ताळा आहे. ताळा म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळायची युक्ती. आलेल्या उत्तराच्या चार अंकांची बेरीज करा. ती १८ किंवा २७ आलीच पाहिजे. ५१७५ चे १८, ५९९४ चे २७, ५३५५ चे १८, १९९८ चे २७, आणि पुढच्या तिन्हींचे १८. बेरीज १७ किंवा २३ आली तर तीच ओळ पुन्हा करा, पुढे जाऊ नका.

हा ताळा एक चूक पकडत नाही. उत्तरातल्या दोन अंकांची अदलाबदल झाली, ५१७५ ऐवजी ५७१५ लिहिले गेले, तर बेरीज १८ च राहते. पण काळजीचे कारण नाही. पुढच्या ओळीत अंक पुन्हा क्रमाने लागणार आहेत, त्यामुळे ही चूक आपोआप पुसली जाते. शेवटचे ६१७४ लिहितानाच तेवढे जपायचे.

आता मुख्य गोष्ट, हे घडते का?

५३१० वजा ०१३५ याकडे पुन्हा पाहू, पण या वेळी प्रत्येक अंकाचा हिशेब वेगळा ठेवू. सर्वांत मोठा अंक ५. मोठ्या संख्येत तो हजाराच्या घरात आहे, त्याची किंमत ५०००. लहान संख्येत तो एककाच्या घरात आहे, किंमत ५. वजाबाकीत त्याचा वाटा ५००० वजा ५, म्हणजे ४९९५, म्हणजेच ५ × ९९९. दुसरा अंक ३. मोठ्या संख्येत ३००, लहान संख्येत ३०. वाटा २७०, म्हणजे ३ × ९०. तिसरा अंक १. मोठ्या संख्येत १०, पण लहान संख्येत १००, म्हणून तो ९० ने उलट खाली ओढतो. चौथा, सर्वांत लहान अंक, मोठ्या संख्येत एककाच्या घरात आणि लहान संख्येत हजाराच्या घरात असतो. तो आपल्या ९९९ पटीने खाली ओढतो. इथे तो शून्य असल्याने काही ओढत नाही.

सगळे एकत्र केले तर असे दिसते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरक घ्या, त्याला ९९९ ने गुणा. मधल्या दोन अंकांतील फरक घ्या, त्याला ९० ने गुणा. दोन्हींची बेरीज हेच वजाबाकीचे उत्तर. पहिल्या फरकाला आपण बाहेरचे अंतर म्हणू, दुसऱ्याला आतले अंतर. ५३०१ चे बाहेरचे अंतर ५, आतले २. ५ × ९९९ = ४९९५, २ × ९० = १८०, बेरीज ५१७५. उसने न घेता तेच उत्तर आले.

याचा अर्थ फार मोठा आहे. उत्तर चार अंकांवर अवलंबून नाही, फक्त दोन अंतरांवर आहे. यावल तालुक्यातलेच फैजपूर घ्या. १९३६ मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन जिथे झाले ते. त्याचा पिन कोड ४२५५०३, शेवटचे चार अंक ५५०३. क्रमाने लावले तर ५, ५, ३, ०. बाहेरचे अंतर ५, आतले अंतर ५ वजा ३ म्हणजे २. यावलचीच अंतरे! म्हणून ५५३० वजा ०३५५ यांचे उत्तरही ५१७५, आणि पुढच्या सहा ओळी अक्षरशः त्याच. यावल आणि फैजपूर पहिल्याच पावलाला एका वाटेला लागतात.

ताळ्याचे कारणही इथेच सापडते. ९९९ आणि ९० दोन्ही ९ च्या पटीत आहेत, म्हणून उत्तर ९ च्या पटीतच येणार आणि त्याच्या अंकांची बेरीजही. आणखी बारकाईने पाहिले तर आतले अंतर शून्य असेल तेव्हा ही बेरीज २७ येते, एरवी १८.

मग अशी अंतरे एकूण किती? बाहेरचे अंतर १ ते ९ पैकी काहीही असू शकते. ते शून्य नसते, कारण चारही अंक सारखे असलेल्या संख्या आपण वगळल्या. आतले अंतर शून्यापासून बाहेरच्या अंतराएवढे असू शकते, त्याहून मोठे नाही, कारण मधले अंक बाहेरच्या दोन अंकांच्या मध्येच असतात. बाहेरचे १ असेल तर आतल्याला दोन शक्यता, २ असेल तर तीन, असे करत ९ असेल तर दहा. २ + ३ + ४ पासून १० पर्यंत बेरीज केली की ५४ होते.

०००० ते ९९९९ या दहा हजार संख्या. त्यांतल्या सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर ९,९९० उरतात. पहिल्या एकाच वजाबाकीत या ९,९९० संख्यांच्या ५४ होतात. मला खरे नवल ६१७४ पेक्षा याच घसरणीचे वाटते.

हे ५४ सुद्धा सगळे वेगळे धरायची गरज नाही. पुढच्या ओळीत अंक क्रमाने लागणार, म्हणून एकाच अंकांच्या दोन संख्या आपल्या दृष्टीने एकच. बाहेरचे ४ आणि आतले २ असले की ४१७६ येते, बाहेरचे ६ आणि आतले २ असले की ६१७४. चोपड्याच्या वाटेवर हीच जोडी आपल्याला भेटली होती. अशा जोड्या एकत्र धरल्या तर ५४ चे ३० उरतात.

आता काम आटोक्यात आले. तीस प्रकार तपासायचे, प्रत्येक ६१७४ ला पोहोचतो का ते पाहायचे. एखादी वाट आधी तपासलेल्या संख्येला मिळाली की तिथेच थांबायचे, कारण पुढचा रस्ता माहीत असतो. एका संध्याकाळचे काम आहे. तीसही प्रकार तपासून झाले की ही संपूर्ण सिद्धता होते. सिद्धता म्हणजे शंकेला जागा न ठेवणारा पुरावा. दहा हजार संख्या एकेक करून पाहण्याची गरजच उरत नाही.

सातपुड्यातून मोर, सुकी आणि असंख्य नाले उतरतात. वर त्यांच्या वाटा वेगळ्या असतात, खाली येता येता एकमेकांत मिसळतात आणि शेवटी तापीला मिळतात. तीस प्रकारांचा नकाशा कागदावर काढला तर तो असाच दिसतो. रावेरचे ५५०८ पहिल्या वजाबाकीत ७९९२ ला येते. भुसावळचे ५२०१ आधी ५०८५ ला आणि मग त्याच ७९९२ ला. तिथून पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४ असा दोघांचा रस्ता एक. वहीत बाण काढून हा नकाशा जरूर करा, नुसत्या आकड्यांच्या रांगेपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळते.

पण पाणी ६१७४ पाशीच का थांबते? तिचे अंक लावा, ७, ६, ४, १. बाहेरचे अंतर ७ वजा १ म्हणजे ६. आतले ६ वजा ४ म्हणजे २. ६ × ९९९ = ५९९४, २ × ९० = १८०, बेरीज ६१७४. तिच्या अंतरांतून तीच पुन्हा तयार होते. तीस प्रकारांत असे दुसऱ्या कुणाचेही होत नाही.

हे कळले की ६१७४ ला एका पावलात पोहोचणारी संख्या आपल्याला हवी तेव्हा बनवता येते. बाहेरच्या दोन अंकांत ६ चा फरक ठेवा, मधल्या दोनांत २ चा. ९, ८, ६, ३ घ्या. ९८६३ वजा ३६८९, उत्तर ६१७४. किंवा ६२०० वजा ००२६, तेही ६१७४. ९,९९० पैकी अशा एका पावलाच्या संख्या ३८४ आहेत, ६१७४ स्वतः धरून. सर्वांत मोठा गट तीन पावलांचा, २,४०० संख्यांचा. चोपडा त्यात येतो. पूर्ण सात पावले लागणाऱ्या २,१८४. आठवे पाऊल कुणालाच लागत नाही, कारण नकाशातली सर्वांत लांब वाट सातच पावलांची आहे.

वजाबाकी बाजूला ठेवून ६१७४ कडे नुसते पाहिले तरी तिच्यात बरेच काही आहे. तिचे अवयव पाडले, म्हणजे ज्या संख्यांच्या गुणाकाराने ती बनते त्या सुट्या केल्या, तर २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ मिळतात. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला निःशेष भाग जातो, भागाकार ३४३. अशा संख्येला, जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, कापरेकरांनी हर्षद संख्या असे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ते नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत तसेच चालते. शिवाय ३४३ म्हणजे ७ × ७ × ७, आणि १ + १८ + ३२४ यांची बेरीजही ३४३ च, जिथे ३२४ हा १८ चा वर्ग. त्यामुळे ६१७४ म्हणजे १८, १८ चा वर्ग आणि १८ चा घन यांची बेरीज. १८ + ३२४ + ५८३२, करून पाहा. एक, एखादी संख्या आणि तिचा वर्ग यांची बेरीज नेमका घन व्हावी, हे शून्याहून मोठ्या पूर्ण संख्यांत फक्त १८ च्या बाबतीत घडते. मात्र याचा आपल्या वजाबाकीशी काही संबंध लावू नका. ती या संख्येची स्वतंत्र श्रीमंती आहे.

नावांचा आणखी एक गोंधळ इथेच दूर करू. कापरेकर स्थिरांक आणि कापरेकर संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे केले आणि ते मिळवले तर मूळ संख्या परत येते ती. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. आता ६१७४ चा वर्ग ३,८१,१८,२७६. त्याचे ३८११ आणि ८२७६ असे तुकडे करून मिळवले तर १२०८७ येतात. म्हणजे कापरेकर स्थिरांक ही कापरेकर संख्या नाही. छापील मजकुरातही हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

चार अंकांऐवजी तीन घेतले तर? तेव्हा सगळ्या वाटा ४९५ ला येतात. ९५४ वजा ४५९ पुन्हा ४९५. दोन अंकांत मात्र थांबायला जागाच नाही. ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३, असे गोल फिरत राहावे लागते. पाच अंकांतही कोणतीच संख्या स्थिर नाही, तीन वेगवेगळी चक्रे आहेत. सर्वांत छोटे दोनच संख्यांचे. ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५. इथेही शून्याचा नियम तोच, ०९ ला ९ म्हटले की चक्र तुटते.

सहा अंकांत थांबायच्या जागा दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. दोन्ही आपल्या आपण ताडून पाहा. पण त्यांच्याशिवाय सात संख्यांचे एक मोठे चक्रही आहे. मग मनात येतेच की यावलचा पूर्ण पिन कोड, सहाही अंक घेऊन, कुठे जात असेल.

५४३२१० वजा ०१२३४५ पासून सुरुवात करा. ५३०८६५, मग ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४. नवव्या वजाबाकीला ८५१७४२ येते. पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६. सोळाव्या वजाबाकीला ८५१७४२ पुन्हा समोर उभी राहते, आणि तिथून पुढे त्याच सात संख्या फिरत राहतात.